कोल्हापुरी चप्पल घ्यायचीय? आधी दुकानदाराशी ओळख काढा

अंबाबाईचं दर्शन झालं की आमचे पाव्हणे तडक चप्पल लाईनला घुसतात, दहा मिनिटात जोड घेतात आणि पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन, अंगठा चावतोय रे, काय करू. दुकान इथं, पाय तिथं, मी काय सांगणार कपाळ! म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नवरात्र आणि शनिवार-रविवार सोडा, दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. मधल्या वारी चार-पाचला जा, दिवसभर चालून पाय जरा फुगलेले असतात त्यामुळे माप पण नीट येतं. आणि सकाळी भवानी व्हायच्या आधी नुसतं बघायला तर अजिबात जाऊ नका.

गेल्यावर रेट नंतर, आधी विचारा 'काका, हा जोड कुणी केलाय?' जो दुकानदार कारागिराला ओळखतो तो लगेच खुलतो, तळ कुणाचा, वेणी कुठल्या मावशीनं घातली (बऱ्याच घरात वेणीकाम बायकाच करतात) सगळं सांगत बसतो. 'होलसेलनं माल येतो' एवढंच म्हणाला तर रामराम करून पुढं. जोड उलटा करून बघा, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, चामड्याच्या वादीची शिलाई, खिळा नाही. आणि 'हा अथणीचा आहे' (म्हणजे कर्नाटकातला) म्हणाला तर नाक मुरडू नका, 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्रातले 4 आणि कर्नाटकातले 4 अशा 8 जिल्ह्यांना मिळून, म्हणजे माणूस खरं बोलतोय.

घासाघीस थोडी चालते. मी एकदा फुशारकीत 200 रुपये तोडले, काकांनी हसत दिला जोड, पण वर्षभर मला समोर टांगलेलाच माल दाखवला, आतला कधी काढलाच नाही. समजायचं ते समजलो.

दुसरी चूक म्हणजे कारागिराचा नंबर मागणं. दुकानदाराला टाळून डायरेक्ट घ्यायचं डोक्यात येतं सगळ्यांच्या, पण पावसाळ्यात काम थंड असतं तेव्हा बऱ्याचदा ह्याच दुकानदारानं त्याला उचल दिलेली असते, त्या दोघांच्या मधे आपण कशाला शिरायचं? दुकानदारानं स्वतःहून गाठ घालून दिली तर गोष्ट वेगळी.

आता मेन गोष्ट. दोन-तीन महिने वापरलेला जोड घेऊन परत जा. तक्रार करायला नाही, दाखवायला. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा कारागीर पोत्यातनं माल टाकायला आलेला, काका म्हणाले दाखव की ह्यास्नी. त्यानं माझी चप्पल उलटी केली, डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डाव्या पायावर भार टाकून चालतासा न्हवं?" माझा उजवा गुडघा कॉलेजात असताना गाडीवरनं पडून गेलाय, हे घरात पण सगळ्यांना माहीत नाही! वहीच्या कागदावर पाय ठेवायला लावून पेनानं माप काढलं, पुढच्या जोडाला त्या कडेला एक थर जादा घातला. 2025 ला प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमधे आपल्यासारखी चप्पल दाखवली तेव्हा केवढा दंगा झाला, पण त्यांना माझी टाच कुठं माहितीय.

जोड जरा घट्टच घ्या, कातडं सैल होतं. तेलाचा हात अधनंमधनं द्या, पाण्यात घालू नका. भिजवून फुगलेली नेलीत तर शिव्या खाव्या लागतील, मी खाल्ल्यात.

आणि मापाचा जोड हवा असेल तर मृगाच्या आधी सांगून ठेवा, थोडा ॲडव्हान्स द्या, रोज फोन करू नका. पावसात कातडं वाळत नाही, त्याला काका तरी काय करणार.