प्रोग्रामेबल ईसीयू निवडताना
मूळ ईसीयूच्या (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या) जागी प्रोग्रामेबल, म्हणजे सेटिंग्ज बदलता येणारा, ईसीयू बसवायचा असल्यास, माहितीपत्रकातील सुविधा मोजत बसण्याआधी आपल्या इंजिनाची नोंद करावी. सहा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टर आणि प्रत्येक इग्निशन कॉइल स्वतंत्रपणे चालवायची असेल, तर दोन्हींसाठी प्रत्येकी ६ आउटपुट लागतात. पंखा, इंधनपंप आणि बूस्ट (टर्बोचा दाब) नियंत्रण यांची आउटपुट वेगळी धरावीत.

खरी मेख क्रँक सेन्सरपाशी असते. क्रँकसोबत फिरणाऱ्या दातेरी ट्रिगर चाकावर ६० दात्यांची जागा असून त्यांतील २ गाळलेले असतील, तर त्या मोकळ्या जागेवरूनच ईसीयूला क्रँकची स्थिती कळते. म्हणून हा नमुना आणि सेन्सरचा प्रकार, म्हणजे चुंबकीय की हॉल, त्या ईसीयूला चालतो का, हे खरेदीपूर्वीच तपासावे. इंजेक्टरचा रोध मल्टिमीटरने मोजावा. तो १२ ते १६ ओहम भरल्यास बहुतेक ईसीयू इंजेक्टर थेट चालवतात, मात्र २ ते ३ ओहम भरल्यास विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणारे ड्रायव्हर सर्किट किंवा बाहेरून जोडलेला रोधक आवश्यक ठरतो.

माझ्या मते, सर्वांत महागडा ईसीयू घेण्यापेक्षा ज्याचे सॉफ्टवेअर आपल्या ट्यूनरच्या (ईसीयूची सेटिंग्ज जुळवणाऱ्या तंत्रज्ञाच्या) हातात बसलेले आहे, तोच घ्यावा. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर थेट जोडण्याची सोय नसेल, तर वेगळ्या कंट्रोलरचा खर्चही हिशेबात धरावा.