शिणाणे मिरगापर्यंत ठेवू नका, 15 मेच्या आत दोर वर घ्या

एप्रिल संपत आलाय, आंबा उतरायची घाई आहे, घरातली सगळी माणसं बागेत, आणि खाडीत शिणाण्यांचे, म्हणजे दोरावर वाढवतो त्या शिंपल्यांचे, दोर लोंबतायत त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. दरवर्षी हेच. हिशोब पण ठरलेला, मेमध्ये चाकरमानी येणार, हॉटेलवाले मागणार, भाव चढेल, तोवर माल अजून भरेल, आणि 1 जूनला मासेमारी बंद झाली की सावकाश काढू. या हिशोबात पाऊस मिरगाला येतो असं धरलेलं असतं, आणि तिथेच घात होतो.

2021 ला तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. 2020 ला निसर्ग वादळ 3 जूनला रायगडात घुसलं. 2025 ला वादळ नव्हतं तर मान्सूनच 25 मेला देवगडात आणि 26 ला मुंबईत. अरबी समुद्र तापतोय, त्यामुळे मेचा दुसरा पंधरवडा आता उन्हाळा म्हणून धरूच नका. ज्यांचा माल गेलेला मी बघितलाय त्यातल्या बहुतेकांचा रोगाने नाही गेला, आठ-दहा दिवस जास्त थांबल्याने गेला.

होतं काय, शिणाण्यांना साधारण 27 ते 35 पीपीटी (हजार भाग पाण्यात तेवढे भाग मीठ) खारं पाणी मानवतं. वरच्या गावात जोराचा पाऊस झाला की नदीचं गोडं पाणी खाडीत येतं आणि खारेपणा झटक्यात उतरतो. शिणाणे शिंपा मिटून घेतात, थोडे दिवस तग धरतात, मग तोंड वासतात. दोरावर चार कुजायला लागले की शेजारचे पण टिकत नाहीत. आणि पहिल्या पावसाचं पाणी नुसतं गोडं नसतं, उन्हाळाभर साचलेली गटारं, संडासाच्या टाक्यांचं पाणी, खाणीच्या बाजूला लाल चिखल, आणि हो, आपणच आंब्यावर मारलेली कीटकनाशकं, सगळं एका धारेत खाली येतं. बागही आपलीच आणि दोरही आपलेच, तरी हे कुणी बोलत नाही.

आता खारेपणा मोजण्याबद्दल, कारण इथे चूक फार होते. लोक भरतीला होडीतून वरचं पाणी घेतात, 30 बघतात आणि निर्धास्त होतात. भरतीला समुद्राचंच पाणी असतं, ते खारं दिसणारच. मोजायचं ओहोटी संपता संपता. आणि गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं खाली राहतं, म्हणून वरचं एक आणि दोराच्या टोकाजवळचं एक असे दोन नमुने घ्या. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी, खाली सोडून बूच ओढायचं, झालं. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, बचत गटात मिळून एक घ्या, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरवर त्याची रेघ शून्याला आणून मग वापरा.

माझा ठोकताळा असा, ओहोटीला वरचं पाणी 20 च्या खाली दिसलं आणि आभाळ भरतंय तर दुसऱ्या दिवशी काढणी, भाव विचारत बसू नका. मीटर नसेल तर दोर हलवून बघा. धड शिणाणे दोराला घट्ट धरून असतात, हलवल्यावर पटापट सुटायला लागले किंवा टिचकी मारल्यावर शिंपा मिटायला वेळ लागला तर त्यांना काहीतरी बाधलंय. माल 6 सेंमीचा असला तरी विका, 8 ची हाव नको.

कालवं जरा चिवट, कमी खारं पाणी शिणाण्यांपेक्षा जास्त सोसतात. तरी रॅक खाडीच्या मुखाकडे सरकवा आणि पिशव्या खाली सोडा. मेच्या उन्हात ओहोटीला उघड्या पडतात त्या वरच्या रांगा आधी काढून घ्या.

आणि ते कोळंबीच्या तळ्यांवर फिरणारे डीलर आता खाडीत पण यायला लागलेत. प्रोबायोटिक, मिनरल मिक्स, वाढीचं टॉनिक. अहो, शिणाणे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात, त्यांना खाद्य लागत नाही, आणि वाहत्या खाडीत ओतलेलं औषध एका ओहोटीत समुद्रात. पैसा तेवढा डीलरच्या खिशात राहतो.

काढल्यावर तसेच विकू नका. ठरलेली पद्धत: टाकीत गाळलेलं स्वच्छ समुद्राचं पाणी चालू ठेवायचं, 12 तासांनी टाकी रिकामी करून जोराच्या धारेने धुवायची, परत 12 तास, शेवटी 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3 भाग) क्लोरीनच्या समुद्रपाण्यात तासभर आणि पुन्हा स्वच्छ पाण्यात धुणं. याने बरेचसे जंतू जातात. कारखान्याच्या सांडपाण्यातले जड धातू जात नाहीत, म्हणून नाल्याच्या तोंडाशी दोर लावूच नका, बी (बारके शिणाणे) कितीही छान धरत असलं तरी.

पाणी लाल किंवा विचित्र हिरवं झालं, मासे मरून तरंगले तर काढणी आणि विक्री दोन्ही बंद, घरी पण खायचं नाही. काही शेवाळांचं विष शिजवून मरत नाही. 1997 ला केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन माणसं दगावली होती. नमुना रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारून द्या, खात्री होईपर्यंत थांबा.

बाकी नेहमीची कामं:
- बांबूला जळकं ऑइल फासू नका
- तराफ्याला केमिकलचे जुने ड्रम नकोत
- मोकळे दोर उन्हात वाळवून ठेवा
- पुढचं बी पावसाळ्यानंतर, दोराच्या मीटरला 500 ते 750 ग्रॅम
- खडकावरचं बी सगळं खरवडू नका
- कांदळवनात कचरा, मातीचा भराव नको
- तिसऱ्या (खाडीतल्या छोट्या शिंपल्या) काढताना बारक्या तिथेच सोडा

होडी आणि दोन माणसं आत्ताच सांगून ठेवा. ढग दिसल्यावर सगळ्यांना एकदमच लागतात आणि मग मजुरी पण दुप्पट मागतात.