‘हॅमर’ नेमका कुठं मारायचा? इंग्रजीतला हा शब्द वापरायची रीत

हॅमर म्हणजे हातोडा, खिळा ठोकायचा तोच. इथं वेळ घालवू नका.

‘हजार इंग्रजी वाक्प्रचार’ छापाचं पुस्तक घरात असेल, तर ते आधी रद्दीत घाला. त्यात हॅमरचे वाक्प्रचार एकाखाली एक आणि समोर मराठी अर्थ असतात. पाठ करणाऱ्याच्या डोक्यात आठवड्याभरात त्यांची खिचडी होते.

खरी गोम हॅमरमागून येणाऱ्या बारक्या शब्दात असते : आऊट, होम, इन्टू, अवे. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच. ‘आऊट’चा गुंता सुटला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गाड्यांच्या डेंटिंगच्या शेडपाशी. कारागीर चेपलेल्या पत्र्यामागं डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा धरतो आणि समोरून हातोडीचे हलके ठोके देत राहतो. घाईनं जोरात हाणला तर पत्रा ताणून फुगतो आणि काम वाढतं. बारीक ठोक्यांनी खड्डा हळूहळू वर येतो, तेच हॅमर आऊट. दोन भाऊ वाटणीला बसले, बैठकांवर बैठका झाल्या, आवाज चढले, अखेर बांध कुठून घालायचा ते ठरलं, की म्हणायचं : दे हॅमर्ड आऊट ॲन ॲग्रीमेंट. पहिल्याच चहाला मिटलं असेल, तर कृपा करून हा शब्द वापरू नका, नुसतं ‘ॲग्रीड’ पुरे. ऑफिसच्या साध्या ईमेलमध्येही लोक हॅमर आऊट घुसडतात, तेव्हा हसू येतं.

‘होम’चा इथं घराशी संबंध नाही. खिळा पुरता आत जाऊन डोकं लाकडाला टेकलं, की तो होम गेला. मुद्दा समोरच्याच्या गळी पुरता उतरवला, तर ‘ही हॅमर्ड द पॉइंट होम’. ‘इन्टू’मध्ये जबरदस्ती आहे : छडी दाखवून पाढे घोकून घेणारे गुरुजी ते पोरांमध्ये हॅमर इन्टू करतात. ‘अवे’मध्ये नुसती चिकाटी, फळ मिळालं की नाही ते कळत नाही, कशामागं लागलाय ते सांगायचं, तर पुढं ‘ॲट’ हवाच.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. हॅमर आऊट अ डील आणि हॅमर अ डील आऊट, दोन्ही चालतात. पण डीलच्या जागी ‘इट’ आला की तो मधेच बसतो : हॅमर इट आऊट. ‘हॅमर आऊट इट’ म्हणालात, की परीक्षक मान वर करून बघणारच.

दुसरा सापळा आपल्या मराठीनंच लावलाय. ‘अतिक्रमणांवर हातोडा’ हा मथळा रोज वाचून डोळे सरावलेले असतात, त्यामुळं ‘द बंगलो वेंट अंडर द हॅमर’ वाचलं की माणूस बंगला पाडला असं धरून चालतो. बंगला जागेवरच असतो, त्याचा लिलाव झालेला असतो! पाडापाडीला सरळ डिमॉलिश म्हणा. २००८ पासून आयपीएलचे खेळाडू अंडर द हॅमर जातात, त्यांना कुणी मारत नाही. मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांनाही इंग्रजीत हेच चालेल. बँकेच्या ऑनलाइन लिलावात हातोडा नावालाही नसतो, तरी शब्द तोच. ‘हॅमर प्राइस’ म्हणजे बोली थांबली तो आकडा. लिलावघराचं कमिशन त्यावर वेगळं लागतं, तेव्हा खिसा त्या हिशेबानं चाचपा.

‘हॅमर्ड’ जपून. शाहू स्टेडियमवर तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं पाच गोल खाल्ले, तर ‘वुई गॉट हॅमर्ड’ बरोबर आहे. पण संदर्भ न देता ‘वुई गॉट हॅमर्ड लास्ट नाइट’ म्हणालात, तर ऐकणारा समजेल की रात्री ढोसून पडला होता. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य नकोच. मॅचबद्दलच बोलायचं असेल, तर ‘फाइव्ह-निल’ जोडा.

‘हॅमर अँड टाँग्ज’ म्हणजे लोहाराचा हातोडा आणि सांडशी. कडाक्याचं भांडण किंवा झपाटून केलेलं काम, दोन्हीला चालतं.