इतिहास आणि माध्यमलेखन एकत्र शिकताना

इतिहास आणि संज्ञापन-माध्यमलेखन हे दोन विषय महाविद्यालयात एकत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिल्या सत्रातच ओढाताण सुरू होते. एका वर्गात आधार न दिलेले साधे विधानही खोडले जाते, तर दुसऱ्या वर्गात आधारांनी जड झालेला तोच मजकूर निम्म्यावर आणायला सांगितले जाते. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. परंतु सांगणारा कोण आहे, त्याला ही गोष्ट कशी कळली आणि ती सांगण्यात त्याचा काही हेतू आहे का, हे तीन प्रश्न दोन्ही विषयांच्या मुळाशी आहेत. अभ्यासाची आखणी या समान पायावर केली, तर एका विषयासाठी घेतलेली मेहनत दुसऱ्यात उपयोगी पडते.

विषयपत्रिका निवडताना केवळ आवडीच्या कालखंडावर थांबू नये. इतिहासलेखनशास्त्राची, म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो याची पत्रिका उपलब्ध असेल तर ती लवकर घ्यावी, आणि माध्यमांच्या बाजूने वृत्तलेखन व संपादन यांना प्राधान्य द्यावे. समाजमाध्यमांवरील किंवा जाहिरातीवरील पत्रिका नंतरही घेता येतात. बातमी नेटकी लिहिण्याची सवय मात्र उशिरा लागत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

दोन्ही विषय जिथे प्रत्यक्ष भेटतात, ती जागा म्हणजे जुनी वृत्तपत्रे. ती वाचण्याची रीत एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळले आणि १५ तारखेच्या पहाटे बुडाले. सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली. तरीही १५ तारखेच्या काही वृत्तपत्रांनी सर्व प्रवासी सुखरूप असल्याचे मथळे छापले, कारण समुद्रावरून येणाऱ्या बिनतारी संदेशांची सरमिसळ झाली होती आणि दिलासा देणारी बातमी तपासण्याची निकड कोणाला वाटली नाही. त्याच रात्री न्यूयॉर्क टाइम्सचे व्यवस्थापकीय संपादक कार व्हॅन अँडा यांनी टायटॅनिककडून येणारे संदेश एकाएकी थांबले या एका गोष्टीवरून जहाज बुडाले असावे असा तर्क केला, आणि तो बरोबर ठरला.

हे अंक समोर ठेवून विद्यार्थ्याने आधी घटनेची वेळ आणि छपाईची वेळ वेगवेगळी लिहून काढावी. त्यानंतर बातमीतील प्रत्येक विधानापुढे त्याचा स्रोत नोंदवावा: जहाज कंपनीचा अधिकारी, दुसऱ्या जहाजाचा संदेश, की नुसतेच ‘असे समजते’. ज्या विधानांपुढची जागा रिकामी राहते, तिथे वार्ताहराने ऐकीव गोष्टीवर भिस्त ठेवली असण्याची शक्यता असते. चुकीचा मथळा इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने टाकाऊ नसतो. त्या दिवशी काय घडले हे तो सांगू शकत नाही. परंतु त्या दिवशी वाचकांना काय सांगितले गेले, याचा तो अस्सल पुरावा असतो. निबंधात त्याचा वापर करताना हा फरक शब्दांत स्पष्ट केला पाहिजे. व्हॅन अँडा यांचा तर्क आणखी एक गोष्ट शिकवतो, ती म्हणजे संदेश न येणे हीसुद्धा नोंद घेण्याजोगी बाब असते.

छायाचित्रांनाही हीच कसोटी लावावी. क्रिमियन युद्धात १८५५ मध्ये ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन यांनी एकाच दरीची दोन छायाचित्रे घेतली. एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. आधीचे कोणते, यावर बरीच चर्चा झाली. अखेरीस उतारावरील लहान दगड दोन चित्रांत कुठे कुठे आहेत याची तुलना झाली. तोफगोळे असलेल्या चित्रात ते दगड खाली घसरलेले दिसले, आणि त्यावरून हे चित्र नंतरचे असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. तोफगोळे रस्त्यावर कोणी आणि कशासाठी ठेवले, हे मात्र दगड सांगू शकत नाहीत. पुरावा जिथे संपतो तिथे लेखनानेही थांबायचे असते.

लेखनाच्या सरावासाठी एकच सामग्री दोन प्रकारे लिहिण्याइतका उपयुक्त उपाय दुसरा नाही. आधी तळटीपांसह हजार शब्दांचा निबंध लिहावा, नंतर त्याच विषयावर चारशे शब्दांचा लेख लिहावा. दुसऱ्या लेखनात सर्वांत महत्त्वाची बाब पहिल्याच परिच्छेदात यावी लागते, आणि ती कोणती हे ठरवताना निबंधातील मुख्य मुद्दा खरोखर सापडला होता की नाही, हे लगेच उघडे पडते. शब्द कापताना ‘बहुधा’, ‘उपलब्ध कागदपत्रांनुसार’ असे शब्द सर्वांत आधी कात्रीत सापडतात. नेमके तेच जपावेत आणि विशेषणे काढावीत. मात्र एकाच लेखनाच्या दोन आवृत्त्या दोन विभागांत गुणांसाठी सादर करायच्या असतील, तर दोन्ही शिक्षकांची आधी परवानगी घ्यावी, कारण अनेक संस्थांत हे नियमबाह्य मानले जाते.

मुलाखतीचे तंत्र माध्यमांच्या वर्गात शिकायला मिळते आणि मौखिक इतिहासासाठी, म्हणजे लोकांनी सांगितलेल्या आठवणींवर आधारलेल्या इतिहासासाठी, ते थेट वापरता येते. फरक इतकाच की पत्रकाराला नेमके एक वाक्य हवे असते, तर इतिहासाच्या अभ्यासकाने संपूर्ण ध्वनिमुद्रण, त्याची तारीख आणि बोलणाऱ्याची लेखी संमती जपून ठेवायची असते.

वेळापत्रकाबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की माध्यमांची कामे छोटी आणि वारंवार येतात, इतिहासाची मोठी आणि सत्राच्या शेवटी. त्यामुळे आठवड्यातील ठरावीक वेळ वाचनासाठी आधीच राखून ठेवावी लागते.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी एखाद्या वृत्तपत्राचा विषय घ्यायचा असेल, तर शीर्षक ठरवण्यापूर्वी त्याचे अंक सलग उपलब्ध आहेत का, ते अभिलेखागारात जाऊन पाहावे लागतात की मायक्रोफिल्मवर किंवा संगणकावर मिळतात, याची चौकशी करावी. संगणकावरील शब्दशोधावर पूर्ण विसंबू नये. पुसट छपाईतील अक्षरे यंत्राकडून चुकीची वाचली जाऊ शकतात आणि शोधात न सापडलेली बातमी अंकात असू शकते. म्हणून निवडलेल्या काळातील निदान काही अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत स्वतः चाळावेत.