आयआरमध्ये एम.ए. करायचंय? माझ्या कांद्याच्या टर्म पेपरची गोष्ट

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, ताई, इंटरनॅशनल रिलेशन्सला (आयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) ॲडमिशन घेऊ का, स्कोप आहे का. एकेकाला टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी चांदवड तालुक्यातली. घरी कांदा आणि थोडी मका. शाळा मराठी मीडियम, बी.ए. नाशिकला, पॉलिटिकल सायन्स, तेही मराठीतूनच. २०२२ ला सीयूईटी पीजी, म्हणजे एम.ए.ची प्रवेश परीक्षा दिली आणि दिल्लीत जेएनयूला नंबर लागला, स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये. आजीला सांगितलं तर म्हणे, "म्हणजे परदेशात राहायचं का?" नाही गं, दिल्लीत राहून परदेशाबद्दल वाचायचं. "मग त्याला दिल्ली कशाला, पेपर इथंबी येतो." सगळे हसले, पण खरं सांगते, पहिलं अर्ध सेमिस्टर मलाही हेच वाटत होतं की रोज पेपर वाचणारी मी, मला काय अवघड जाणार.

पहिल्या असाइनमेंटला कळलं. विषय रशिया-युक्रेन होता आणि मी चार पानं मत लिहून दिलं, भारताने काय करायला पाहिजे होतं वगैरे. सरांनी फक्त एक ओळ लिहिली होती, "हे संपादकीय झालं, प्रश्न कुठाय?" तेव्हा राग आला. आता पटतं. उदाहरण देते. २ मार्च २०२२ ला युनोच्या आमसभेत रशियाच्या हल्ल्याविरुद्ध ठराव झाला, १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. टीव्हीवर चर्चा एवढीच की भारताने बरोबर केलं का चूक. पण यादी उघडून बघा ना, तटस्थ राहिलेल्यांत भारत, पाकिस्तान, चीन, श्रीलंका, बांगलादेश सगळे एकाच रांगेत, आणि नेपाळ, भूतान मात्र ठरावाच्या बाजूने. असं का? एकमेकांशी न पटणारे देश एकाच बटणावर बोट ठेवतात आणि भारताच्या एवढ्या जवळचा भूतान दुसरीकडे जातो, याचं उत्तर शोधायला लागलं की विषय सुरू होतो.

थिअरीला सगळे घाबरतात. मीही जाम घाबरले होते. मॉर्गेंथाऊ नावाच्या आयआरमधल्या जुन्या अभ्यासकाची पंधरा पानं वाचायला मला चार दिवस लागले, डिक्शनरी मांडीवर घेऊन. आणि 'अनार्की' शब्दावर तर गाडी अडलीच, कारण मराठीत अराजक म्हटलं की दंगल, जाळपोळ डोळ्यासमोर येते आणि इथे तर शांततेच्या काळालाही अनार्कीच म्हणतात. मग होस्टेलला एका रात्री माझं मीच लावलं. शेजारच्याने बांध कोरला तर आपण तलाठ्याकडे जातो, मोजणी आणतो, नाहीच जमलं तर कोर्ट. आता असा गाव धरा जिथे तलाठी नाही, मोजणी नाही, पोलीस पाटील नाही. रोज भांडण होईलच असं नाही, पण प्रत्येक जण उशाशी काठी घेऊन झोपेल. वॉल्ट्झ नावाचा अभ्यासक १९७९ ला साधारण हेच म्हणतो, की देश चांगले का वाईट हे सोडा, वर कोणी नाही म्हणून ते असे वागतात. आणि १९९२ ला वेंट नावाचा दुसरा अभ्यासक म्हणतो, थांबा, तलाठी नसला तरी शेजारी भाऊबंद आहे का जुना वैरी यावर काठी ठरते. एकदा हे असं बसलं की पुढचे फेमिनिस्ट (स्त्रीवादी), पोस्टकलोनियल (वसाहतवादाच्या अनुभवातून बघणारे) वगैरे कोण कोणाला खोडून काढतंय ते आपोआप दिसायला लागतं. वाचतानाही तेच करा. कुठलाही लेख घेतला की आधी सुरुवात आणि शेवट वाचायचा आणि शोधायचं, हा माणूस कोणाशी भांडतोय? ते सापडलं की मधली वीस पानं निम्म्या वेळात होतात. प्रत्येक ओळ मराठीत करत बसू नका, मी दोन महिने तेच केलं आणि वह्या भरल्या फक्त.

इंग्रजीचं विचाराल तर सेमिनारमध्ये पहिले तीन महिने माझं तोंड उघडलं नाही. दिल्लीच्या मोठ्या कॉलेजमधली पोरं फाडफाड बोलायची. नंतर लक्षात आलं की त्यातली अर्धी तरी वाचून न येता बोलतात. तुम्ही एक वाक्य बोला पण पान नंबरासकट बोला, लोक ऐकतात.

आता कांदा. चौथ्या सेमिस्टरला टर्म पेपरचा विषय द्यायचा होता आणि मी भारी भारी नावं लिहून नेली होती, इंडो-पॅसिफिक, क्वाड, तैवान. मॅडमनी सगळी बाजूला ठेवली आणि विचारलं, घरी काय करतात? मी म्हटलं कांदा. म्हणाल्या, मग हे काय घेऊन आलीस?

आणि वेळ अशी होती बघा. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलेलं, आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. डिसेंबर म्हणजे लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो, लाल कांदा थांबत नाही, काढला की विकायचा नाहीतर सडवायचा. नाशिकमध्ये लिलाव बंद पडले, घरून फोन आला की रडारड, आणि मी दिल्लीत बसून सुरक्षा परिषदेतल्या सुधारणांवर नोट्स काढतेय! मॅडमचा मुद्दा तेव्हा डोक्यात शिरला.

मी प्रश्न घेतला तो असा: शेजारी देशाशी संबंध चांगले ठेवायचे असं परराष्ट्र मंत्रालय म्हणतं, मग त्याच शेजाऱ्याचा कांदा एका रात्रीत कसा काय तोडला जातो? शोधायला गेले तर पहिला धक्का हाच की निर्णय परराष्ट्र मंत्रालयाचा नाहीच. अधिसूचना काढतं डीजीएफटी, म्हणजे वाणिज्य मंत्रालयातलं परकीय व्यापाराचं कार्यालय. आणि दबाव असतो शहरातल्या भावाचा. अशीच बंदी आधीही आली होती. सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर आठवड्याभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या आणि भर कार्यक्रमात हसत म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, कांदा टाकू नको, जरा आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. हसून बोलल्या पण बोलल्या. तरी १४ सप्टेंबर २०२० ला परत बंदी, परत अचानक, आणि यावेळी ढाक्याने लेखी नाराजी कळवली. मग ते तुर्कस्तान, इजिप्तकडून कांदा आणायला लागले. गंमत म्हणजे त्यांच्याही शेतकऱ्याचा कांदा निघाला की ते आपल्या कांद्याला आयात परवाने थांबवतात, म्हणजे बांधाच्या दोन्ही बाजूला तोच हिशोब. पटनम नावाच्या अभ्यासकाने १९८८ ला हे मांडलंय, की वाटाघाटी करणारा माणूस एकाच वेळी दोन पटांवर खेळतो, एक समोरच्या देशाबरोबर, एक घरच्यांबरोबर. ते वाचताना मला लासलगावची बाजार समिती दिसत होती.

साधनं सगळी फुकट आहेत, हे लोकांना माहीतच नसतं. डीजीएफटीच्या अधिसूचना, लोकसभा-राज्यसभेतल्या प्रश्नांची उत्तरं, परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, वाणिज्य मंत्रालयाचा निर्यातीचा डेटा, सगळं नेटवर पडलेलं आहे. मी तीन आठवडे फक्त तारखांचा तक्ता केला, कोणत्या दिवशी बंदी, त्याआधी दिल्लीत भाव किती, त्यानंतर कोणाची भेट. पेपरचा जीव तो तक्ताच होता, थिअरी दीड पान.

आणि ८ मेला सबमिशन असताना ४ मे २०२४ ला सरकारने बंदी उठवली! टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. त्याच्या आठवडाभर आधी सहा देशांना ९९,१५० टन पाठवायची परवानगी जाहीर झाली होती, त्यात बांगलादेश. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. मी चार रात्री बसून निष्कर्ष परत लिहिला. चालू घडामोडीवर पेपर घेताना ही रिस्क असते, एक कट-ऑफ तारीख (यानंतरचं काही पेपरात नाही) सुरुवातीलाच लिहून टाका, मी लिहिली नव्हती.

बाकी पटापट सांगते. सीयूईटी पीजी एमसीक्यू असते, बरोबरला ४, चुकीला १ वजा, त्यामुळे अंदाजपंचे मारू नका. दिल्लीलाच जायला पाहिजे असं अजिबात नाही. जादवपूरचं आयआर डिपार्टमेंट १९५६ पासूनचं आहे, पुणे विद्यापीठात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज आहे, गोवा विद्यापीठातही इंटरनॅशनल स्टडीज होतं. आयएफएससाठी, म्हणजे परराष्ट्र सेवेसाठी ही डिग्री लागत नाही, कुठल्याही पदवीवर यूपीएससी देता येते, पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) ऑप्शनल घेणार असाल तर पेपर दोनला उपयोग होतो एवढंच. नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा) निघालं तर महिन्याला ३७,००० फेलोशिप, आमच्या बॅचची बरीच पोरं त्याच नादात आहेत. इंटर्नशिपला पैसे मिळतील असं धरून चालू नका. मी एका ठिकाणी दोन महिने फुकट काम केलं, रूमभाडं घरून, आणि रिपोर्टवर माझं नावसुद्धा नव्हतं. आधी लेखी विचारून घ्या, लाजू नका. सध्या मी मुंबईत शेतमालाच्या व्यापारावर रिसर्चचं काम करते, पगार बरा आहे, फार नाही. परकीय भाषा शिकले नाही याची चुटपुट आहे. बांगला येत असती तर ढाक्याची वर्तमानपत्रं थेट वाचली असती, मला इंग्रजीत येईल तेवढ्यावरच भागवावं लागलं.

पेपरला ग्रेड चांगली मिळाली. सुट्टीत घरी गेले तेव्हा पप्पांना दाखवला, इंग्रजी त्यांना येत नाही पण तक्ता समजतो. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "यात लाल आणि उन्हाळ एकत्रच मोजलाय का?" मी म्हटलं हो, निर्यातीच्या डेटात तसा वेगळा रकानाच नाही. "मग डिसेंबरच्या बंदीने कोण मेलं आणि उन्हाळ्यातल्या बंदीने कोण, हे कसं कळणार?" दोन वर्षांत हा प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. पीएचडीचं प्रपोजल लिहायला घेतलंय, सुरुवात तिथूनच केली आहे.