कार्यकर्त्याला धमकी आली तर भोवतीच्या चार माणसांनी काय करायचं

हे मी कार्यकर्त्यांसाठी लिहीत नाहीये. कार्यकर्ता हे वाचून म्हणणार 'मला कोण काय करतंय ओ', आणि गाडीला किक मारून परत एकटाच निघणार. त्यामुळं हे त्याच्या बायकोसाठी, पोरांसाठी, संघटनेतल्या दोन मित्रांसाठी आणि शेजाऱ्यासाठी. त्याची वाट न बघता तुम्ही चौघांनी बसून ठरवायचं आणि मग त्याला सांगायचं, विचारत बसायचं नाही.

पहिली गोष्ट रोजचं वेळापत्रक. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, १६ फेब्रुवारी २०१५ ला सागरमाळ भागात कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णा आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळी फिरून येत होते तेव्हा गोळ्या घातल्या, त्याआधी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर, ते पण सकाळी फिरायला गेलेले, आणि जानेवारी २०१० मध्ये तळेगावला माहिती अधिकारवाले सतीश शेट्टी, तेही सकाळीच. धारवाडच्या कन्नड विचारवंत कलबुर्गींना घराच्या दारात मारलं, बेंगळुरूच्या पत्रकार गौरी लंकेशना रात्री घरी परतल्यावर दारातच. म्हणजे काय, ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि घराचं दार. फिरायला जाऊ नका असं मी म्हणत नाही (पानसरे गेल्यावर कोल्हापुरात लोकांनी मुद्दाम निर्भय मॉर्निंग वॉक काढले ते बरोबरच होतं), पण एकट्यानं नको, वेळ बदलती ठेवा, रस्ता बदलता ठेवा. फाटकापाशी चांगला दिवा लावा, बेल वाजली तर आधी खिडकीतून बघा, आणि 'सर आहेत का, सही पाहिजे' म्हणून अनोळखी कोण आलं तर घरातलं दुसरं कोणतरी बोलेल.

फेसबुकवर 'आज संध्याकाळी ५ वाजता गारगोटीला येतोय' असली पोस्ट बंद. कार्यक्रम झाला, घरी पोचला, मग फोटो टाका की, कोण अडवतंय. जाहीर सभा असेल तर वेळ लपत नाही, मग निदान कुठल्या गाडीनं आणि कुठल्या वाटेनं परतणार ते तरी गुपित ठेवा. आणि निघताना एकाला मेसेज, पोचल्यावर त्याच माणसाला मेसेज. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास झाला तर फोन, उचलला नाही तर तिथल्या आयोजकाला फोन, तिथंही पत्ता नसेल तर सरळ ११२. हा क्रम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण घाबरल्यावर माणसाला नंबर आठवत नाहीत.

कोपऱ्यावरचा चहावाला आणि पेपर टाकणारा पोरगा यांना विश्वासात घ्या. गल्लीत नवीन गाडी दोन दिवस उभी आहे हे कॅमेऱ्याआधी त्यांना कळतं. फक्त त्यांना सांगा की नंबर टिपून ठेवायचा, जाऊन भांडायचं नाही. आपल्याकडं पोरं लगेच अंगावर जातात, त्यानं केस बिघडते.

आता धमकीची वही. एक दोनशे पानी घ्या. तारीख, वेळ, कुठल्या नंबरवरनं, आणि शब्द जसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसकट. 'वाईट बोलला' असं लिहून उपयोग नाही. मेसेज डिलीट करायचा नाही, स्क्रीनशॉटमध्ये समोरचा नंबर दिसला पाहिजे, पत्र आलं तर पाकिटासकट प्लॅस्टिक पिशवीत, दहा जणांनी हाताळायचं नाही. तक्रार लेखी द्या आणि पोहोच घ्या. बऱ्याचदा ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून पाठवतात, आणि एनसीमध्ये दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास होत नाही, पण तरी एनसीची प्रत घ्याच, उद्या सहा प्रती एकत्र ठेवल्या की चित्र दिसतं. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ खाली तोच मजकूर पोलिस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा, तिथंही हललं नाही तर दंडाधिकारी. संरक्षण पाहिजे असेल तर अधीक्षकांना वेगळा अर्ज, सोबत वहीच्या झेरॉक्स. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगातही मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेला असतो, तिकडंही एक प्रत जाऊ दे. आणि हायकोर्टासाठी मुंबईला पळायची गरज ऑगस्ट २०२५ पासून राहिली नाही, हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याच कोल्हापुरात आहे.

फोनचं थोडक्यात: बोटाच्या ठशाऐवजी लांब पिन, व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (जादाचा पिन), आणि लिंक्ड डिव्हाइसेस, म्हणजे आपलं व्हॉट्सॲप आणखी कुठं चालू आहे ते, आठवड्यातनं एकदा बघायचं. साक्षीदारांची नावं ग्रुपवर कधीच नको. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे ॲडमिनलाही माहीत नसतं.

अटकेची भीती असेल तर वकिलाकडं सही केलेलं वकीलपत्र आधीच ठेवा आणि रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात. अटकेचं कारण सांगावं लागतं, घरी कळवावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायला खास कारण आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

आणि ज्याकडं कोण बघत नाही ते, झोप. धमकी आलेला माणूस दिवसभर भाषण करतो आणि रात्री तीन वाजता गॅलरीत उभा असतो. चिडचिड वाढली, जेवण कमी झालं, दारू वाढली, तर 'खंबीर रहा' म्हणू नका, त्याला काहीतरी कामातनं सुट्टी द्या. संध्याकाळनंतर त्याचा फोन दुसऱ्यानं धरायचा, घाणेरडे मेसेज दुसऱ्यानं वाचून वहीत उतरवायचे, आणि तो दुसरा पण दर आठवड्याला बदलायचा, नाहीतर त्याचीच झोप उडते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. घरच्यांना वेगळं बसवून विचारा, त्याच्यासमोर नको, कारण त्याच्यासमोर बायको 'आम्हाला काय नाही' असंच म्हणते. पोरांना शाळेत कोण काय बोलतंय ते विचारा. शाळेतनं आणायला कोण जाणार, वकिलाची फी कोण भरणार, बाहेरगावी दोन दिवस राहायची वेळ आली तर कुणाच्या घरी, याची यादी आत्ताच करा, आणि एकाच माणसाचं नाव तीन ठिकाणी आलं तर यादी परत लिहा.