हीथ्रो विमानतळावरून हॉटेलपर्यंत: गावाकडून पहिल्यांदा लंडनला येणाऱ्यांसाठी

सध्या मी महिनाभराच्या सुट्टीवर दारव्हा तालुक्यातील माझ्या गावी आलो आहे. गेल्या दोन आठवड्यांत आमच्या ओसरीवर तीन कुटुंबे एकच प्रश्न विचारून गेली, तो म्हणजे लंडनला उतरल्यावर विमानतळावरून हॉटेलपर्यंत जायचे कसे. दोघांची मुले शिकायला निघाली आहेत. तिसरे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी आहेत. त्यांचा मुलगा लंडनपासून लांबच्या शहरात नोकरीला असून तो दुसऱ्या दिवशी घ्यायला येईपर्यंत त्यांना एक रात्र हॉटेलात काढायची आहे. तिकीट, व्हिसा आणि फी यांवर या घरांमध्ये वर्षभर बोलणे झाले होते, पण विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांचा विचार कोणीही केलेला नव्हता. नागपूरच्या विमानतळावर सोडायला पंधरा माणसे येतात आणि तिकडे घ्यायला कोणीच नसते, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात तिथे पोहोचल्यावरच येते. म्हणून तिघांना वेगवेगळे सांगितले ते येथे एकत्र लिहून ठेवत आहे.

आधी गाडी कोणी ठरवावी आणि कोणी ठरवू नये, हे सांगतो. हीथ्रोपासून मध्य लंडन सुमारे २४ किलोमीटरवर आहे आणि २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ही रेल्वे विमानतळावरून थेट शहराच्या मध्यभागी जाते. दिवसा उतरणारा, एकटा आणि स्वतःचे सामान स्वतः उचलू शकणारा मुलगा त्या रेल्वेने निश्चिंत जाऊ शकतो; तिचे तिकीट माणशी १५ पौंडांच्या आसपास पडते. याउलट आधी ठरवलेल्या खासगी गाडीला साधारण ६० ते १०० पौंड लागतात. परंतु हे भाडे गाडीमागे असते, आपल्याकडच्या काळीपिवळीसारखे सीटमागे नसते, त्यामुळे चार माणसे आणि सहा बॅगा असल्या की दोन्ही खर्च जवळपास सारखेच होतात. वयस्कर आईवडील, लहान मूल, रात्रीचे विमान किंवा मोठ्या बॅगा यांपैकी एकही गोष्ट असेल, तर माझ्या मते पहिल्या प्रवासाला गाडी आधीच ठरवावी. अठरा-वीस तासांच्या प्रवासानंतर, झोप झालेली नसताना, अनोळखी देशात रेल्वेचे जिने आणि फलाट शोधत बसण्याची ती वेळ नव्हे. मधला मार्गही आहे: सामान जास्त असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे विमान एकच असेल, तर त्यांनी मिळून एक गाडी करावी.

लंडनमध्ये भाड्याच्या गाड्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतला फरक कायद्याचा आहे, हे नीट समजून घ्यावे. काळ्या रंगाची, मीटरवर चालणारी टॅक्सी, जिला तिकडे ब्लॅक कॅब म्हणतात, ती विमानतळाबाहेरच्या रांगेतून आयत्या वेळी घेता येते. बाकीच्या सर्व खासगी गाड्यांना, म्हणजे मिनीकॅबना, आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवासी घेण्याची परवानगीच नाही. त्यामुळे आगमन कक्षात जवळ येऊन ‘टॅक्सी पाहिजे का’ असे हळूच विचारणारा माणूस, तो हिंदीत किंवा पंजाबीत आपुलकीने बोलत असला तरी, कायदा मोडत असतो. अशा गाडीत बसल्यास विमा लागू होत नाही आणि शेवटी भाडे किती मागितले जाईल याचा भरवसा नसतो. आपल्याकडे बसस्टँडबाहेर असे विचारणारा माणूस हा रोजचा धंदा करणाराच असतो, त्यामुळे गावाकडचा माणूस त्याला सहज होकार देतो. तिकडे नाही म्हणावे आणि पुढे चालू लागावे. ज्या कंपनीकडे नोंदणी करणार तिच्याकडे ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या सरकारी संस्थेचा परवाना आहे, याची घरूनच खात्री करून घ्यावी. या संस्थेच्या संकेतस्थळावर परवाना तपासता येतो. अनेक हॉटेलेही गाडीची व्यवस्था करून देतात. हॉटेलला ईमेल करून दर विचारावा आणि मग तुलना करावी.

आता नोंदणीचा अर्ज. तो मोबाइलवर पाच मिनिटांत भरून होतो, आणि म्हणूनच चुका होतात. सर्वांत जास्त चुका तारखेच्या होतात, आणि त्यातली एक माझ्या हातून झालेली आहे.

माझे काका आणि काकू २०१४ साली पहिल्यांदा लंडनला आले, तेव्हा मी कामानिमित्त स्कॉटलंडमध्ये होतो आणि त्यांची गाडी मीच ठरवली होती. मुंबईहून सुटणाऱ्या विमानाच्या तिकिटावर रविवार होता आणि वेळ पहाटे दोनच्या सुमाराची होती. आपल्याकडे वार बदलतो तो सूर्योदयाला. पहाटेचे दोन म्हणजे आपल्या मनात आदल्या दिवसाची रात्रच असते. मी घाईत ‘रविवारी रात्री निघतील, सोमवारी सकाळी पोहोचतील’ असे धरले आणि सोमवारची गाडी सांगितली. तिकिटाचा रविवार मात्र मध्यरात्रीच सुरू झाला होता. ते दोघे शनिवारी रात्री विमानतळावर पोहोचले आणि रविवारी सकाळी हीथ्रोवर उतरले. त्यांच्या फोनला रोमिंग नव्हते. तीन तास ते दोघे कठड्याजवळच्या खुर्च्यांवर बसून, समोरून जाणाऱ्या प्रत्येक चालकाच्या हातातली पाटी वाचत होते. शेवटी माहिती कक्षातील एका बाईंनी मला फोन लावून दिला, तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या, “माह्या नावाची पाटी कोठीच दिसली नाही रे बाबू.” त्या दिवसापासून मी कोणाचीही गाडी ठरवताना तिकीट स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तारीख लिहीत नाही, आणि निघण्याची नव्हे, तर उतरण्याची तारीख आणि वेळ पाहतो. तिकिटावरची उतरण्याची वेळ ही लंडनचीच असते, म्हणून तिच्यात काही मिळवू किंवा वजा करू नये. भारताचे घड्याळ लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते. तो हिशेब फक्त घरी फोन करण्यासाठी ठेवावा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे विमानाचा क्रमांक. नागपूरहून थेट लंडनला विमान नाही. आपली माणसे दोहा, मुंबई किंवा दिल्लीमार्गे जातात, म्हणजे तिकिटावर दोन क्रमांक असतात. अर्जात लंडनला उतरणाऱ्या शेवटच्या विमानाचा क्रमांक द्यावा. चांगल्या कंपन्या त्या क्रमांकावरून विमान कधी उतरते ते पाहत असतात आणि विमान दोन तास उशिरा आले तर चालकालाही दोन तास उशिरा पाठवतात. पहिल्या टप्प्याचा क्रमांक दिला तर नागपूर–दोहा विमान वेळेवर उतरल्याचे त्यांना दिसते आणि दोह्यात तुमचे पुढचे विमान रखडले असले तरी गाडी हीथ्रोवर येऊन उभी राहते. मधल्या विमानतळावर पुढचे विमान चुकले आणि दुसऱ्या विमानात बसवले गेले, तर नवा क्रमांक तिथूनच कंपनीला कळवावा. त्यासाठी कंपनीचा फोन क्रमांक मोबाइलमध्ये साठवावाच, पण कागदावर लिहून पासपोर्टसोबतही ठेवावा. ब्रिटनचा क्रमांक भारतीय फोनवरून लावताना आधी अधिक ४४ लावावे आणि क्रमांकाच्या सुरुवातीचा शून्य गाळावा.

विमानतळ आणि टर्मिनलही तपासावे. लंडनच्या नावाने ओळखले जाणारे विमानतळ एकाहून अधिक आहेत. गॅटविक आणि हीथ्रो यांच्यात रस्त्याने तासाभराचे अंतर आहे. हीथ्रोवर सध्या २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल आहेत. १ क्रमांकाचे टर्मिनल २०१५ साली बंद झाले. २ आणि ३ शेजारी आहेत, पण ४ आणि ५ इतकी दूर आहेत की चुकीच्या टर्मिनलवर उभ्या असलेल्या चालकापर्यंत तुम्ही चालत पोहोचू शकत नाही.

हॉटेलचा पत्ता देताना फक्त नाव लिहू नये. एकाच नावाच्या साखळीची दहा-दहा हॉटेले लंडनमध्ये आहेत, आणि चर्च रोड किंवा हाय स्ट्रीट नावाचे रस्ते तर भागाभागात आहेत. तिकडचा पोस्टकोड आपल्या पिनकोडसारखा अख्ख्या तालुक्याचा नसतो. तो बहुधा एका गल्लीतल्या मोजक्या इमारतींपुरता असतो, म्हणून पोस्टकोड बरोबर असला की गाडी हॉटेलच्या दारात जाते. हॉटेलच्या नोंदणीच्या ईमेलमधून तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

सामानाबाबत मोकळेपणाने लिहावे. तिखट, पापड, कुरड्या, गाद्यांसारख्या जाड रजया यांनी भरलेल्या बॅगा साध्या सलून गाडीत, म्हणजे मागे डिकी असलेल्या नेहमीच्या छोट्या गाडीत, दोनच मावतात. चार मोठ्या बॅगा असतील तर मोठी गाडी घ्यावी, कारण सामान मावले नाही तर चालक नाही म्हणू शकतो आणि टपावर बांधण्याची पद्धत तिकडे नाही. जाता जाता एक सांगतो: पेढे, खवा, तूप असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेण्यास मनाई आहे. ते बॅगेत सापडले तर काढून घेतले जातात आणि बाहेर यायला उशीर होतो. लहान मूल असेल तर बालकासनाची मागणी अर्जातच करावी. मिनीकॅबमध्ये योग्य आसन नसेल तर मुलाला मागच्या सीटवर त्याविना नेण्याची मुभा कायदा देतो, पण मुलाच्या सुरक्षिततेसाठी आसन मागून घेणेच योग्य. पट्टा मात्र मागच्या सीटवर बसणाऱ्या प्रौढांनीही लावायचा असतो; न लावल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो चालकाला नव्हे, प्रवाशाला होतो.

थांबण्याचा वेळ ही बाब दरपत्रकात बारीक अक्षरात असते आणि तिथेच पैसे जातात. बहुतेक कंपन्या विमान उतरल्यापासून ४५ किंवा ६० मिनिटे विनामूल्य थांबतात आणि त्यानंतर पार्किंगसह जादा आकार घेतात. भारतीय पासपोर्टधारकांना तिकडच्या स्वयंचलित फाटकांतून जाता येत नाही, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेतच उभे राहावे लागते. रांग आणि बॅगा मिळून दीड तासही लागू शकतो. म्हणून अर्जात ‘उतरल्यानंतर किती वेळाने चालकाने यावे’ असा पर्याय असल्यास तिथे एक तास लिहावा. वयस्करांसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मागणी केली असेल, तर तेही कळवावे. चालक आत येऊन नावाची पाटी घेऊन उभा राहील, अशी सेवा घ्यावी. बाहेर आल्यावर फोन करायचा अशी स्वस्त सेवा पहिल्या वेळी घेऊ नये, कारण तुमचा फोन तिथे लागेलच असे नाही. हीच अडचण उबरची आहे: ती तिकडे परवानाधारक आहे, पण गाडी दारासमोर येत नाही, पार्किंगच्या इमारतीत जावे लागते आणि चालू इंटरनेट लागते. विमानतळावर वायफाय विनामूल्य मिळते, एवढे लक्षात ठेवावे.

पैसे शक्यतो घरूनच भरावेत. भारतीय बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२० पासून आहे, आणि बँकेच्या ॲपमधून ते व्यवहार स्वतः सुरू करावे लागतात. काल आमच्या ओसरीवर एका मुलाचे पैसे तीनदा परत आले आणि त्याला कंपनी बनावट वाटू लागली. प्रत्यक्षात ॲपमधली एक कळ बंद होती. रद्द करण्याची मुदत बहुधा २४ तास आधीची असते, ती वाचून घ्यावी. नोंदणी झाल्यावर येणारा संदेश छापून घ्यावा. दारव्ह्यातल्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात हे होते.

कस्टममधून बाहेर आलात की कठड्यापलीकडे चालकांची रांग दिसते, कोणाच्या हातात कागदी पाटी, कोणाच्या हातात टॅबलेट. पाटीवर तेच नाव असते जे अर्जात लिहिले. म्हणून तिथे वडिलांच्या नावासह तीन शब्द न लिहिता आपले नाव आणि आडनाव एवढेच द्यावे. चालक भेटला की आपण होऊन नाव आणि हॉटेल सांगू नये. कोणासाठी आलात आणि कुठे जायचे आहे, हे त्यालाच विचारावे, आणि त्याचे उत्तर व गाडीचा नंबर हातातल्या कागदाशी जुळवून पाहावा. पाटी दिसली नाही तर आगमन कक्ष सोडून बाहेर जाऊ नये. माहिती कक्षाजवळ थांबून कंपनीला फोन करावा. भाडे आधी दिलेले असेल तर वर काही देण्याची सक्ती नसते. चालकाने बॅगा उचलल्या तर चार-पाच पौंड खुशीने द्यावेत.

हॉटेलची खोली बहुधा दुपारी २ किंवा ३ नंतर मिळते. सकाळी पोहोचलात तर स्वागतकक्षात बॅगा ठेवण्याची विनंती करावी. बहुतेक ठिकाणी ती मान्य होते. गाडी दारातून हलण्याआधी बॅगा मोजाव्यात, मागची सीट हाताने चाचपून पाहावी, कारण काकूंची चष्म्याची डबी परतीच्या प्रवासात तिथेच राहिली होती, आणि मग घरी फोन लावावा.